फुलं वाळवायचा प्रेस आणि कागद बदलणारे

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, तू कॉलेजात असताना झाडं वाळवायचा लाकडी प्रेस वापरायचीस ना? तो आहे का अजून? मला हवाय, ट्रेकला न्यायला."

तिला म्हटलं, अगं, तो कॉलेजचा होता, माझा नव्हे. आणि असता तरी काय उपयोग? दीड फूट लांब, फूटभर रुंद धूड ते. तुझ्या सॅकच्या बाहेर डोकावत बसेल.

"मग छोटा बनवून दे ना!"

बनवून दे म्हणणं सोपं असतं. पण माझ्याही मनात ते बरेच दिवस होतंच. म्हणून शनिवारी सकाळी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन उभी राहिले. तुम्हालाही करावासा वाटला तर कृती अशी:

नऊ मिलिमीटर जाडीच्या प्लायचे दोन तुकडे घ्या, २२ बाय १६ सेंटीमीटरचे. दुकानदार कापून देतो. कडा पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर हाताला फास लागतात. दोन्ही फळ्या एकावर एक घट्ट धरून चारी कोपऱ्यांत, कडेपासून दीड सेंटीमीटर आत, एकदमच भोकं पाडायची. (मी आधी एक फळी, मग दुसरी असं केलं. चारातलं एक भोक काही केल्या जुळेना. दुसरा प्लाय आणावा लागला.) सहा मिलिमीटरचे तीन इंची बोल्ट, खाली-वर वायसर, आणि हाताने फिरवता येतील असे कान असलेले विंग नट. पान्याची गरज नाही. मध्ये घालायला खोक्याचा नाळीदार पुठ्ठा, कोपरे छाटलेला, म्हणजे बोल्ट आड येत नाहीत. पुठ्ठ्यातल्या नाळ्या आडव्या, म्हणजे लहान बाजूने आरपार जातील अशा ठेवायच्या, कारण हवा त्यातूनच खेळते. आणि दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घडी केलेला वर्तमानपत्राचा कागद किंवा टीपकागद. पुरवणीचा गुळगुळीत चकचकीत कागद अजिबात नको, तो पाणी पीत नाही.

वजन आणखी कमी करायचं असेल तर बोल्ट काढून टाका आणि जुन्या सॅकचे दोन बकलवाले पट्टे आवळा. डोंगरात हेच बरं पडतं.

झाला प्रेस. दुपारपर्यंत तयार होतो आणि दिसतोही छान. पण खरं सांगू का, फूल वाळवण्याच्या कामात या सगळ्याचा वाटा निम्मासुद्धा नाही.

आपण सगळ्यांनीच लहानपणी मोरपीस वहीत ठेवलंय, पिंपळाच्या पानाची जाळी होण्याची वाट पाहिलीय. त्यामुळे आपली समजूत अशी असते की पानाफुलावर वजन ठेवलं की ते टिकतं. मग आपण जास्वंद नाहीतर गुलाब जाडजूड पुस्तकात दाबतो आणि महिन्याने उघडून बघतो तर काळा डाग, वर पांढरी बुरशी, आणि पुस्तकाची चार पानं वाया. याचं कारण साधं आहे. फूल म्हणजे बहुतेक सगळं पाणीच. दाबलं की ते पाणी कागदात येतं. कागद तसाच ठेवला तर फूल त्या ओल्या कागदातच पडून राहतं. पेशी हळूहळू मरतात, आतले रस हवेशी मिसळून तपकिरी-काळे होतात (चिरलेलं वांगं जसं काळं पडतं तसंच), आणि पाठोपाठ बुरशी येते. रंग टिकवायचा तर पाणी लवकर काढून घ्यायला हवं. म्हणजे काय करायचं? कागद बदलायचा. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी... फूल कडक होऊन कागदावर वाजेपर्यंत, साधारण आठ-दहा दिवस. पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ. निघालेले ओले कागद उन्हात वाळवायचे, ऊन नसेल तर इस्त्री फिरवायची, आणि तेच परत वापरायचे.

प्रेस फक्त फुलाला सपाट धरून ठेवतो. फूल टिकतं ते कागद बदलणाऱ्यामुळे.

हे एकदा डोक्यात बसलं आणि मग प्रेसचा इतिहास वाचताना मला जिकडेतिकडे तेच दिसायला लागलं. हा कागद बदलत कोण होतं?

गोष्ट सुरू होते इटलीत. लुका गिनी (१४९०–१५५६) हा आधी बोलोन्याला आणि १५४४ च्या सुमारास पिसाला वनस्पतींचं शास्त्र शिकवणारा प्राध्यापक. तेव्हा औषधी झाडं ओळखणं हा वैद्यकाचा भाग होता, आणि अडचण अशी की हिवाळ्यात झाडंच नसायची. विद्यार्थ्यांना दाखवायचं काय? पुस्तकातली चित्रं लाकडी ठशांची, एकीवरून दुसरी उतरवलेली. त्यावरून झाड ओळखणं म्हणजे दिव्यच. झाडं दाबून, वाळवून कागदावर चिकटवायची पद्धत रुजवण्याचं श्रेय या गिनीला देतात. त्याचा स्वतःचा संग्रह आज कुठेच शिल्लक नाही. पण त्याच्या शिष्यांचे आहेत. त्यातल्या चेझाल्पीनोने १५६३ मध्ये पुरा केलेला संग्रह आजही फ्लॉरेन्सला आहे, सातशेहून जास्त झाडांचा. म्हणजे आपल्याकडे तालिकोटची लढाई व्हायची होती तेव्हा वाळवलेली पानं अजून ओळखता येतात!

पुढे १६०६ साली पादुआमध्ये आद्रियान फान डेन स्पीगेल नावाच्या एका वैद्याने हे कसं करायचं ते पुस्तकात लिहून ठेवलं. या संग्रहाला त्याने नाव दिलं 'हिवाळ्यातली बाग'. किती सुंदर नाव आहे! त्याची कृती वाचून मी थक्क झाले, कारण चारशे वर्षांत त्यात फारसं काही बदललेलंच नाही. चांगल्या कागदाच्या दोन पानांत झाड ठेवा, वजन हळूहळू वाढवत न्या, आणि रोज उघडून बघा, उलटा. यातलं "रोज" महत्त्वाचं.

सुरुवातीचे हे संग्रह बांधलेल्या वह्यांसारखे असत. एकदा चिकटवलं की झाडाची जागा कायमची ठरली. लिनिअसने अठराव्या शतकात सुटे कागद कपाटात ठेवायची पद्धत उचलून धरली, म्हणजे नवं झाड आलं की मध्ये घालता येतं, जुन्याची जागा बदलता येते. १७५१ च्या आपल्या पुस्तकात त्याने त्या कपाटाचीही कृती दिली आहे. त्याचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर १७८४ मध्ये वैद्यकाच्या एका तरुण इंग्रज विद्यार्थ्याने विकत घेतला आणि तो आता लंडनला आहे. तो हयात असताना जगभर फिरणारे त्याचे विद्यार्थी त्याला वाळलेली झाडं पाठवत. प्रेस तोपर्यंत प्राध्यापकाच्या टेबलावरून उतरून जहाजात आणि घोड्यावर चढला होता. छोटा, हलका, सोबत नेता येणारा प्रेस हा काही ट्रेकिंगवाल्यांचा आजचा शोध नव्हे.

आणि जहाजावर काय हाल होत असतील याचा विचार करा. कॅप्टन कुकच्या 'एन्डेव्हर' जहाजावर (१७६८–१७७१) जोसेफ बँक्स आणि त्याचा सहकारी सोलँडर होते. सोलँडर लिनिअसचाच विद्यार्थी. झाडं वाळवायला त्यांनी लंडनहून नेलेल्या कागदात चक्क छापखान्यातली रद्दीही होती: मिल्टनच्या महाकाव्यावर ॲडिसनने लिहिलेल्या टीकेचे न बांधलेले छापील फर्मे! तेव्हाची काही झाडं आजही त्या फर्म्यांमध्येच आहेत. आपल्या वर्तमानपत्रांची लाज वाटायचं कारण नाही.

१७७० च्या एप्रिलअखेर जहाज ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागलं. तिथे इतकी नवी झाडं मिळाली की ३ मे रोजी बँक्सने बाकीची सगळी कामं बाजूला ठेवली. सुमारे दोनशे दस्ते कागद (दस्ता म्हणजे चोवीस ताव, जुन्या लोकांना आठवत असेल) किनाऱ्यावर नेले, जहाजाचं एक शीड वाळूवर अंथरलं आणि त्यावर ते सगळं उन्हात पसरलं. दिवसभर उलटसुलट करत राहिला. रोजनिशीत हे त्यानेच लिहून ठेवलंय. त्याच उपसागराला पुढे 'बॉटनी बे' असं नाव पडलं. मला मात्र शिडावर कागद पसरून उन्हाकडे बघत बसलेला हा सत्तावीस वर्षांचा गर्भश्रीमंत माणूस जास्त आवडतो. वाळवणं घातल्यावर पाखरं येऊ नयेत म्हणून आम्हा पोरांना गच्चीवर बसवायचे, त्याचीच आठवण झाली.

पण बँक्ससारखं स्वतःच्या कागदबदलीबद्दल लिहिणारे थोडे. हे काम बहुतेक दुसरंच कुणीतरी करायचं.

जोसेफ हूकर १८४८ ते १८५० या काळात पूर्व हिमालयात फिरला. पुढे 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया' (१८७२–१८९७) हे सात खंडांचं काम ज्याने उभं केलं, तोच हा हूकर. २७ ऑक्टोबर १८४८ ला तो दार्जिलिंगहून पूर्व नेपाळकडे निघाला तेव्हा त्याच्या तांड्यात छप्पन्न माणसं होती, आणि त्याने आपल्या प्रवासवर्णनात त्यांची यादी दिली आहे. तंबू, उपकरणं, बिछाना, कपड्यांची पेटी, पुस्तकं यांना प्रत्येकी एक हमाल. झाडं वाळवायचे कागद आणि असंच इतर शास्त्रीय सामान वाहायला मात्र सात! आणि यादीच्या शेवटाकडे येतात तीन लेपचा मुलं. त्यांचं काम झाडांवर चढणं आणि झाडांचे कागद बदलणं. या कामावर ती बरेच दिवस आपल्याकडे होती, असंही तो म्हणतो.

ही ओळ मी तीन-चारदा वाचली. हिमालयात, थंडीत, दिवसभर चालून मुक्कामाला पोचल्यावर शेकोटीशी बसून ओले कागद काढून सुके घालणारी तीन पोरं. हे एक दिवस चुकलं असतं तर त्या दिवसाची झाडं गेली असती. हूकरने त्यांची नोंद तरी केली, हा त्याचा चांगुलपणाच. पण त्या यादीत नाव एकाचंही नाही.

नावं देण्याची पद्धतच नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी कोचीनच्या डच गव्हर्नरने, फान ऱ्हीडने, मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ काढला (१६७८–१६९३). तो ग्रंथ वाळलेल्या नमुन्यांपेक्षा चित्रांसाठी नावाजला गेला, पण त्यात एक गोष्ट फार मोठी आहे. ज्यांनी झाडांची माहिती दिली त्यांची नावं आणि दाखले पहिल्या खंडातच छापलेत. मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन, आणि तीन कोकणी वैद्य: रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट. कोकणी वैद्यांचा १६७५ सालचा दाखला तर देवनागरीत आहे, जशाच्या तसा. ॲमस्टरडॅमला छापलेल्या लॅटिन पुस्तकात आपली अक्षरं! तेव्हा मनात आलं तर नाव लिहिता येत होतं.

आता आपल्या मुलखाकडे येते. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा अजूनही काढून बघावा लागणारा ग्रंथ म्हणजे थिओडोर कुक याचा, १९०१ ते १९०८ दरम्यान भागाभागाने निघालेला. कुक मूळचा इंजिनिअर, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा प्राचार्य (तेच पुढे इंजिनिअरिंग कॉलेज झालं). निवृत्त होऊन तो इंग्लंडला गेला आणि हा ग्रंथ त्याने लंडनजवळच्या क्यू बागेत बसून लिहिला. सह्याद्रीतल्या गवतांबद्दल, कोकणातल्या वेलींबद्दल हजारो मैलांवर बसून लिहायचं, म्हणजे समोर काय हवं? वाळलेल्या झाडांचे कागद.

कुकच्या पुस्तकात झाडाच्या वर्णनाखाली गावांची नावं येतात आणि त्यापुढे ते झाड कुणी गोळा केलं त्याचं नाव. त्यातल्या बऱ्याच नावांपुढे उद्गारचिन्ह असतं. वुड्रो! कानिटकर! विद्यार्थिनी असताना मला वाटायचं, याला एवढं आश्चर्य कसलं वाटतंय? मग कळलं की तो वनस्पतिशास्त्रातला संकेत आहे. उद्गारचिन्ह म्हणजे तो वाळलेला नमुना लेखकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. ऐकीव नाही. कुणा कानिटकरांनी मावळात कुठेतरी वाकून उपटलेलं झाड बोटीने तिकडे पोचलं, धड पोचलं, आणि कुकने ते पाहिलं. इतकं सगळं त्या एका चिन्हात आहे.

गोळा करणाऱ्याचं नाव असं कागदावर राहतं. कधीकधी झाडालाही मिळतं. पुण्याच्या आर. के. भिडे यांच्या नावावरून सह्याद्रीतल्या गवतांच्या एका प्रजातीला 'भिडेआ' नाव आहे. मुंबईच्या झेवियर्स कॉलेजातलं हर्बेरियम फादर ब्लॅटर यांच्या नावाने ओळखलं जातं. त्याच कॉलेजातले फादर सांतापाव यांनी वर्षानुवर्षं खंडाळ्याला जाऊन १९५३ मध्ये खंडाळ्याच्या वनस्पतींचं पुस्तक काढलं. खंडाळ्याचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला विचारा, तिथे कागद वाळवणं म्हणजे काय ते!

पण हर्बेरियमच्या चिठ्ठीवर रकाने कोणते असतात? झाडाचं नाव, कूळ, ठिकाण, तारीख, उंची, गोळा करणाऱ्याचं नाव, ओळखणाऱ्याचं नाव. कागद बदलणाऱ्याचा रकाना नसतो.

हे मी दुसऱ्यांना नावं ठेवायला लिहीत नाहीये. इथे मला माझंच एक सांगायचं आहे.

१९८९ मध्ये मी बी.एस्सी.ला होते. परीक्षेला प्रत्येकीने पन्नास झाडांचं हर्बेरियम द्यायचं असे. पावसाळ्यात सहली निघायच्या, आम्ही चिखलात नाचत झाडं उपटायचो, परत येऊन प्रयोगशाळेतल्या मोठ्या प्रेसमध्ये कशीबशी घालायचो आणि घरी पळायचो. दहा-बारा दिवसांनी जावं तर झाडं कडक, सपाट, हिरवीगार. आमची समजूत अशी की प्रेस चांगला आहे.

प्रयोगशाळेत एक सहायक होते. सगळे त्यांना मामा म्हणत. चाळी धुणं, सूक्ष्मदर्शक पुसणं, किल्ल्या सांभाळणं हे त्यांचं काम. त्या श्रावणात गावी काहीतरी झालं म्हणून ते आठ दिवस रजेवर गेले. परत आल्यावर त्यांनी आम्हाला बोलावून प्रेस उघडून दाखवला. आमची सगळी झाडं काळी पडली होती. तेरडा तर ओळखू येत नव्हता. कागदावर बोट ठेवलं तर ओल लागत होती आणि कोंदट वास सुटला होता.

मामा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मी नसल्यावर तुम्ही बदलाल असं वाटलं होतं पोरींनो."

तेव्हा आम्हाला कळलं. पावसाळाभर रोज संध्याकाळी, आम्ही गेल्यावर, ते सगळ्या प्रेसमधले कागद बदलत होते. ओले कागद खोलीत दोऱ्यांवर वाळत घालत होते. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. प्रेस उघडल्यावर आत आपण घातलेला मंगळवारचा पेपर जाऊन शुक्रवारचा कसा आला, हा प्रश्न बारा मुलींपैकी एकीलाही पडला नव्हता!

मग आम्ही पुन्हा झाडं आणली, वाळवली, या वेळी पाळ्या लावून स्वतः कागद बदलले. (दोनदा माझी पाळी चुकली, दोन्ही वेळा ती मामांनी केली.) हर्बेरियम झालं, मार्क चांगले मिळाले. प्रत्येक पानावर खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: गोळा करणारी, ओळखणारी. दोन्ही ठिकाणी माझंच नाव. मामांचं नाव लिहावं असं मनातसुद्धा आलं नाही. आणि आज लाज वाटते ती याची की लिहायचं म्हटलं तरी मला त्यांचं पूर्ण नाव माहीत नाही. तीन वर्षं आम्ही त्यांना नुसतं मामाच म्हटलं. हूकरच्या यादीत नावं का नाहीत असं विचारणारी मी कोण?

असो. भाची रविवारी आली, प्रेस घेऊन गेली. तिला दोन-तीन गोष्टी बजावल्या. राखीव जागी, कासच्या पठारासारख्या ठिकाणी, एक पाकळीही तोडायची नाही. वाटेच्या कडेला, बांधावर जे उदंड आहे तेवढंच घ्यायचं: कुर्डू, टाकळा, सोनकी. कुर्डू तर प्रेसशिवायही वाळतो, नवशिक्यांना उत्तम. केन्याच्या निळ्या फुलाच्या नादी लागू नकोस, त्याचं दाबताक्षणी पाणी होतं. आणि चिठ्ठी लगेच लिही, तिथेच, गाव आणि तारीख घालून. घरी आल्यावर लिहीन म्हटलेली चिठ्ठी कधीच लिहिली जात नाही.

चिठ्ठ्या मीच छापून दिल्या आहेत. त्यावर नेहमीच्या रकान्यांखाली आणखी एक टाकलाय: 'कागद बदलणारे'.

तिने वाचलं आणि विचारलं, "हे काय? ते मीच ना?"

म्हटलं, बघ, आठ दिवस रोज जमतंय का. नाहीतर तुझ्या आईचं नाव लिहावं लागेल.

काल ताईचा फोन होता. "हे काय लचांड दिलंस गं पोरीला? ती गेली क्लासला, आणि मी बसलेय जुने पेपर इस्त्री करत!"

ताई, चिठ्ठीवर तुझं नाव पूर्ण लिहायला सांगितलंय.